गोव्यात डायव्हिंगसाठी फिन निवडताना

माझं काम वास्कोला, एका डायव्हिंग सेंटरमध्ये. नवशिक्यांना शिकवते आणि सामानाची खोलीही माझ्याच ताब्यात असते. त्यामुळे कुणी दारात आलं की माझी नजर आधी पायांकडे जाते. पंजा रुंद आहे का, टाच बारीक आहे का, तळव्याला कमान आहे की पाय सपाट आहे, वरचा भाग उंच आहे का. फिनचं, म्हणजे पाण्यात पायात चढवायच्या पंखांचं, निम्म्याहून अधिक गणित तिथेच सुटतं. ब्लेड, म्हणजे पुढचं सपाट पातं, कितीही महागाचं असो, पाय आत नीट बसला नसेल तर मांडीचा जोर पाण्यापर्यंत पोचत नाही. पॉकेटच्या, म्हणजे पाय घालायच्या खोबणीच्या, आत पाय सरकण्यातच तो खर्ची पडतो.

पावसाळा संपून ऑक्टोबर लागला की पुणे, कोल्हापूर, सांगली, बेळगावहून फोन सुरू होतात. कोर्सची तारीख ठरलेली असते आणि सोबत एक फोटो येतो: "ताई, हे घेऊ का?" फोटोत बहुतेक वेळा दोनच प्रकार असतात. एक तर लांबलचक कार्बनचं ब्लेड, नाहीतर सेलमध्ये मिळालेली आखूड, मऊ जोडी, जी किनाऱ्याजवळ स्नॉर्कलिंग करण्यापुरती ठीक असते. दोघांनाही मी तेच विचारते: कुठल्या पाण्यात उतरणार, आणि पाठीवर सिलिंडर असणार की एका श्वासावर जाणार?

ही दोन कामं अगदी वेगळी आहेत. स्कूबात पाठीवर सिलिंडर, अंगावर हवा भरता-सोडता येणारं जॅकेट, बाजूला लोंबणाऱ्या नळ्या. पाण्याचा अडथळा भरपूर, आणि वेग दुप्पट केला तर तो अडथळा जवळपास चौपट होतो. म्हणून स्कूबात जोरात जाण्याला अर्थच नाही; हवा तेवढी लवकर संपते. तिथे फिनकडून हवा असतो ताबा: जागच्या जागी थांबता यावं, वळता यावं, गरज पडली तर मागे सरकता यावं. फ्रीडायव्हिंगमध्ये शरीर सरळ, सडपातळ, अंगावर काही नाही, आणि खर्चायला एकच श्वास. तिथे प्रत्येक किकमधून जास्तीत जास्त अंतर मिळायला हवं, म्हणून ब्लेड लांब आणि किक संथ, मांडीतून मारलेली. स्कूबाचा फिन टाचेपासून टोकापर्यंत साधारण दोन-सव्वादोन फुटांचा, तर फ्रीडायव्हिंगचा पावणेतीन-तीन फुटांच्या घरात जातो. एकाच जोडीत दोन्ही उरकायचा मोह सगळ्यांनाच होतो. गोव्यात तो आवरा, असं मी अगदी ठासून सांगते, आणि त्याचं कारण आमचं पाणी.

इथलं पाणी कसं आहे

गोव्यातलं बहुतेक डायव्हिंग ग्रँड आयलंडभोवती चालतं. मुरगावच्या टोकासमोरचं हे बेट. कुणाच्या बोटी बायण्याहून सुटतात, कुणाच्या मालीम जेटीवरून. खोली फार नाही, बऱ्याच जागी सहा-सात मीटरपासून पंधरा मीटरपर्यंत. एका बाजूने मांडवी, दुसऱ्या बाजूने झुवारी गाळ आणून सोडते, त्यामुळे पाणी अंदमानसारखं निळंशार नसतं. चांगल्या दिवशी सात-आठ मीटर दिसतं, वाईट दिवशी आपल्याच हातापलीकडे हिरवट धुकं. उधाणाच्या भरतीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी जास्त ढवळतं. अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असते तेव्हा ते निवळतं. कोर्सची तारीख हातात असेल तर दिनदर्शिका बघून ठरवा, आणि सकाळची खेप धरा. दुपारी खारा वारा उठला की समुद्र उसळायला लागतो.

आता अशा पाण्यात तळाशी मऊ गाळ आहे, तुम्ही बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्याजवळ, सुझीज रेकवर आहात, आणि पायात लांब, कडक ब्लेड आहे. एक किक खाली लागली की गाळ उठतो आणि मागून येणाऱ्या चार जणांना काही दिसेनासं होतं. लांब ब्लेडचं टोक नेमकं कुठे आहे हे नवशिक्याला कळतच नाही. ते खडकावरच्या मऊ प्रवाळाला लागतं, जहाजाच्या गंजक्या पत्र्यावर घासतं, शेजाऱ्याचा मास्क उडवतं. म्हणून इथल्या स्कूबासाठी मी मध्यम लांबीचं, मध्यम कडक, सरळ पॅडल ब्लेड सुचवते. त्याच्यावर फ्रॉग किक बसते. गुडघे वाकवायचे, पाय बाहेरून फिरवत मागे मिटायचे, मग क्षणभर नुसतं तरंगत पुढे जायचं. या किकमध्ये पाण्याचा झोत मागे जातो, खाली नाही, आणि गाळ जागच्या जागी राहतो.

मधोमध चिरलेले, दोन पाकळ्यांचे स्प्लिट फिन वापरून बघावेत असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. गुडघ्याला, घोट्याला ताण कमी पडतो हे खरं. गुडघेदुखी असलेल्या, वर-खाली साधी किक मारत निवांत फिरणाऱ्या माणसाला मी ते सुचवतेही. पण त्यांच्यावर फ्रॉग किक लुळी पडते आणि मागे सरकणं जवळपास जमतच नाही. गढूळ पाण्यात ज्याला शिकायचंय, त्याने ते घेऊ नयेत.

नेत्राणी बेटाची गोष्ट थोडी वेगळी आहे. गोव्यातली बरीच मंडळी तिथेही जातात. कर्नाटकातल्या मुरुडेश्वरहून बोटीने तास-दीड तास. पाणी जास्त स्वच्छ, पण समुद्र उघडा आणि कधी कधी ओढ असते. ओढीविरुद्ध अगदी मऊ ब्लेड हात टेकतं. तुमचा बेत ग्रँड आयलंड आणि नेत्राणी असा दोन्हीकडचा असेल तर मध्यम कडकपणाच्या खाली जाऊ नका.

पाय आत कसा बसला पाहिजे

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि दुकानात तुम्हीही घालवा. शक्यतो संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा. जे मोजे किंवा निओप्रीनचे बूट घालून डाइव्ह करणार, तेच घालून फिन चढवा. बूट तीन मिलिमीटरचा की पाचचा, एवढ्यानेही माप बदलतं.

फिन घालून खुर्चीत बसा, पाय समोर उचला आणि घोट्यातून जोरात हलवा. टाच आत वर-खाली होतेय का? फिन उजवीकडे-डावीकडे वळतोय का? मग कुणाला तरी ब्लेडचं टोक धरायला सांगा आणि पाय खाली दाबा, किक मारल्यासारखा. आता नीट लक्ष द्या: दाब पायाच्या सगळ्या वरच्या भागावर सारखा पसरला पाहिजे. एकाच ठिकाणी, विशेषतः अंगठ्याच्या वरच्या हाडावर किंवा करंगळीच्या बाजूला टोचत असेल, तर पाण्यात पंधरा मिनिटांनी तिथे आग होणार. बोटं पुढे हलकेच हलली पाहिजेत, पण दुमडता कामा नयेत. पाच-सात मिनिटं फिन तसेच पायात ठेवा. तळव्यात मुंग्या आल्या किंवा पोटरी ओढायला लागली तर ती जोडी परत ठेवा. पाण्यात पेटके याच कारणाने येतात, आणि खोलीवर पोटरीत गोळा येणं ही गंमत नाही.

मागच्या हंगामात सांगलीचे एक दादा आले होते, कबड्डी खेळणारे. लहानपणापासून अनवाणी आणि चपलेत वावरलेला पाय: पंजा पसरट, बोटं मोकळी, टाच मात्र बारीक. नवी जोडी सोबतच आणली होती, युरोपियन मापाची, त्यांच्या बुटाच्या नंबराप्रमाणे अगदी बरोबर. पंजा आत जाता जाईना. ते म्हणाले, एक माप मोठं बदलून आणतो. मी म्हटलं, थांबा. मोठ्या मापात पंजा गेला असता, पण टाच चिखलात रबरी चप्पल घालून चालल्यासारखी दर किकला सुटली असती. रॅकवरून उघड्या टाचेचे, रुंद पॉकेटचे फिन काढले, आत तीन मिलिमीटरचे बूट घातले, मागचा पट्टा दोन्ही बाजूंनी सारखा ओढला. ब्लेडचं टोक हातात धरून मी त्यांना पाय दाबायला लावला. या वेळी माझा हात हलला, फिनमधला पाय हलला नाही. नेमकी हीच खूण शोधायची असते.

नंबराचं एवढंच लक्षात ठेवा की भारतीय बुटाचा आठ नंबर म्हणजे युरोपियन मापात साधारण 42, पण प्रत्येक कंपनीचं पॉकेट वेगळं. क्रेसीचं 42 आणि मारेसचं 42 एकाच पायाला सारखं बसेल असं गृहीत धरू नका. दोन्ही इटलीच्या जुन्या, नावाजलेल्या कंपन्या, दोन्हींचं काम चांगलं, पण नाव बघून पाय बसत नाही.

टाच उघडी की बंद

बंद टाचेचा फिन अनवाणी किंवा पातळ मोज्यावर चढतो. हलका असतो, पाय आणि ब्लेड यांच्यात फट राहत नाही, प्रवासाला सोपा. गोव्याचं पाणी उबदार असल्याने थंडीसाठी बुटांची गरज पडत नाही, म्हणून अनेकांना हाच प्रकार पुरेसा वाटतो. बोटीवरून उतरून बोटीवरच चढणार असाल तर तो चालतोही.

तरीही स्कूबासाठी मी उघड्या टाचेकडे झुकते. बोटीचा डेक अकरा वाजेपर्यंत तापतो. जेटीच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात. बेटाच्या खडकांवर कालवं आणि शिंपल्यांच्या धारा असतात, फटींमध्ये काटेरी सी-अर्चिन. पायात बूट असले की ही सगळी काळजी मिटते. शिवाय शिडी. डाइव्ह संपली, लाटेवर बोट वर-खाली होतेय, तांडेल हात पुढे करून उभा आहे आणि तुम्हाला शिडी धरून दोन्ही फिन काढून वर द्यायचे आहेत. उघड्या टाचेचा फिन एका हाताने पट्टा ओढून निघतो. ओला, घट्ट, बंद टाचेचा फिन अशा वेळी दमवतो.

पट्टा स्प्रिंगचा असेल तर उत्तम. रबरी पट्टा आणि प्लास्टिकचं बक्कल यांच्यात मीठ साचून बक्कल अडकतं, आणि पट्टा तुटायचा तेव्हा हमखास बोटीवरच तुटतो. रबरी पट्टाच असेल तर एक जादा पट्टा पिशवीत ठेवा. फिन विकत घेताना हे विचाराच: या मॉडेलचे पट्टे आणि बक्कलं सुटी मिळतात का? मिळत नसतील तर ते फिन घेऊ नका.

जड फिन, हलके फिन

हा मुद्दा फारसा कुणी समजावून सांगत नाही, म्हणून थोडं थांबते. जुन्या धाटणीचे जाड काळ्या रबराचे फिन पाण्यात बुडतात. स्कूबाप्रोचे जेट फिन 1960 च्या दशकापासून याच घडणीचे, आणि आजही जगभर वापरात आहेत, कारण ते तुटत नाहीत आणि फ्रॉग किकला अफलातून आहेत. थंड पाण्यात जाड सूट किंवा ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न येणारा सूट, घातला की पाय वर तरंगू लागतात, तिथे हे वजन पाय खाली आणतं. पण गोव्यात आपण पातळ सूट किंवा नुसता रॅश गार्ड, म्हणजे पोहण्याचा तंग टी-शर्ट, घालतो. ज्याचे पाय मुळातच भारदस्त, स्नायूंचे आहेत, त्याच्या पायात हे वजन घातलं की पाय लोंबतात, शरीर तिरकं होतं, आणि पुन्हा गाळ उठतो. अशा माणसाला हलक्या प्लास्टिकचे, पाण्यात जवळपास तरंगणारे फिन बरे. उलट काहींचे, विशेषतः अनेक बायकांचे, पाय आपोआप वर जातात. त्यांना थोडा जड फिन शरीर आडवं ठेवायला मदत करतो.

तुमचा प्रकार कुठला, हे तपासायला तलाव पुरे. जॅकेट आणि सिलिंडर लावून, हवा संतुलित करून, आडवे व्हा आणि अजिबात हलू नका. पाय बुडतात की वर जातात ते सोबत्याला बघायला सांगा. सिलिंडर भरलेला असताना एकदा आणि बराच रिकामा झाल्यावर एकदा बघा, कारण ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होत आला की वर उचलतो.

फ्रीडायव्हिंगची जोडी

इथे सगळ्यांचं लक्ष ब्लेड कशाचं आहे याकडे असतं. प्लास्टिक, फायबरग्लास, कार्बन. कार्बन सगळ्यात हलकं आणि चपळ. वाकल्यावर पटकन सरळ होतं, म्हणजे किकमध्ये घातलेली ताकद परत देतं. पण ते सगळ्यात महागही आणि ठोक्याला सगळ्यात नाजूक. बोटीच्या कडेवर आपटलं, कुणी सिलिंडर ठेवला, खडकावर टेकलं की तडा. फायबरग्लास मधला रस्ता आहे. प्लास्टिक जड, थोडं सुस्त, पण वाटेल तसं वागवा. पहिली जोडी प्लास्टिकची किंवा फायबरग्लासची घ्या, आणि ब्लेड स्क्रू काढून बदलता येईल अशी घ्या. पुढे पाय पक्का झाला की त्याच पॉकेटला चांगलं ब्लेड लावता येतं. पॉकेट पायाला बसलं असेल तर ते जपायची वस्तू आहे.

ब्लेड कशाचं, यापेक्षा ते किती कडक हे मला महत्त्वाचं वाटतं. तगडी मुलं येतात आणि हट्टाने कडक ब्लेड मागतात. कडक ब्लेड वाकवायला ताकद लागते, ताकद लागली की ऑक्सिजन जळतो, आणि मांडी थकली की गुडघा वाकायला लागतो, सायकल मारल्यासारखा. मग ब्लेड पाण्याला मागे ढकलण्याऐवजी नुसतं कापतं. नवशिक्याने मऊ ब्लेड घ्यावं. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला मऊ, ऐंशीच्या पुढच्याला मऊ किंवा मध्यम, असा माझा साधा हिशेब आहे. खरा निर्णय किक बघूनच करायचा. पॉकेट आणि ब्लेड यांच्यातला कोनही बघा. ब्लेड पायाच्या रेषेपासून थोडं खाली झुकलेलं हवं, म्हणजे घोटा न ताणता ते सरळ रेषेत येतं. ज्यांचा घोटा आखडलेला आहे त्यांना जास्त झुकाव सोयीचा पडतो.

परीक्षा तलावात करा. पंचवीस मीटरचं अंतर ठरवा आणि पाण्याखालून सावकाश जा, सोबत जाणकार माणूस असताना, कधीही एकटे नाही. किती किक लागल्या ते मोजा, आणि बाहेर आल्यावर श्वास किती लवकर शांत होतो तेही बघा. दुसरी जोडी घालून तेच करा, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन. किक कमी लागल्या पण मांड्या भरून आल्या तर ती जोडी तुमच्यासाठी कडक आहे. थोड्या जास्त किक लागल्या आणि श्वास शांत राहिला तर ती तुमची. पाण्यात जाण्याआधी जोरजोरात श्वास घेऊन छाती भरणं मात्र बंद. त्याने श्वास घेण्याची जाणीव उशिरा होते आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडू शकतो, अगदी कंबरभर पाण्यातही.

मोनोफिनबद्दल, म्हणजे दोन्ही पायांना मिळून एकच ब्लेड असलेल्या फिनबद्दल, विचारणाऱ्यांना एवढंच सांगते: दोन फिनांवर किक सुधारल्याशिवाय नको.

लांब फिनचा एक व्यवहारी त्रास आधीच सांगते. दाबोळी किंवा मोपावरून विमानाने अंदमानला नेणार असाल तर नेहमीच्या बॅगेत ते मावत नाहीत. ब्लेड सुटी होणारी जोडी असेल तर ब्लेडं कपड्यांच्या घड्यांमध्ये सपाट ठेवता येतात.

घेतल्यावर

पाय आत सरकत नाही म्हणून खोबरेल तेल लावणारे मी पाहिलेत. लावू नका, तेलाने रबर सैल आणि चिकट होतं. पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाका, पाय सहज जातो. प्रत्येक खेपेनंतर गोड्या पाण्यात भिजवा, बक्कलं आणि स्प्रिंगा हलवून आतलं मीठ काढा, सावलीत वाळवा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत फिन ठेवले तर ब्लेड वाकडं होतं आणि ते परत सरळ होत नाही. टाचेवर उभे करून भिंतीला टेकवूनही ठेवू नका, पॉकेट चेपतं. आडवे किंवा टांगून ठेवा, पॉकेटमध्ये कंपनीचा प्लास्टिकचा साचा किंवा वर्तमानपत्राचा बोळा घालून. जून ते सप्टेंबर इथे डायव्हिंग बंद असतं आणि घरात सगळ्याला बुरशी धरते, तेव्हा महिन्यातून एकदा पिशवी उघडून फिन बाहेर हवेवर ठेवा, बोळा बदला, पट्टा ताणून भेगा पडल्यात का ते बघा.

आणि पहिल्या कोर्सआधी काहीच विकत घेऊ नका. सेंटरकडे दोन-तीन प्रकारचे फिन असतात. रोज वेगळी जोडी मागून घ्या, पॉकेटवर छापलेलं मॉडेल आणि माप फोनमध्ये लिहून ठेवा, पोटरी कुठल्या जोडीत दुखली तेही लिहा. मास्क तेवढा स्वतःचा घ्या. स्वतःचे फिन आले की ब्लेडवर मोठ्या अक्षरात, पांढऱ्या किंवा पिवळ्या ऑइलपेंटने नाव घाला. एका बोटीवर काळ्या फिनांच्या सहा-सहा जोड्या असतात, आणि तीन मीटर दिसणाऱ्या पाण्यात निसटलेला काळा फिन शोधून देणं तांडेलालाही जमत नाही.